कोरड्या कमळाचं पान

मीरा रोड
२० सप्टेंबर २०२४

आशा,

या आठवड्यात मी तुला तीनदा फोन केला आणि माझा आवाज ऐकताच तू तिन्ही वेळा ठेवून दिलास. म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतो, आणि तू तर वाचशीलच. शाळेत सिस्टरांनी आम्हाला पत्राचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात सांगायला शिकवलं होतं. तो आता सांगते. मला तुझ्याकडून एक पान हवंय.

तुझ्या दादाला जून संपता संपता अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात आणि पाय निम्म्याहून गेले, आणि वाचा पूर्ण गेली. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नाही. घरी येऊन दोन महिने झाले. तुला आज कळवतेय, त्याबद्दल जे बोलायचं असेल ते पुढच्या पत्रात बोल, मी वाचेन. पण येऊ नकोस. नीट विचार करून लिहितेय: येऊ नकोस.

पान हवंय ते कोरड्या कमळाचं. तुझी मनाली बारावीला होती तेव्हा दादाने तुला त्याच्या झाडाचा फुटवा दिला होता, त्याचं. नर्सरीवाले त्याला इचेव्हेरिया म्हणतात, पण आपल्यात दादाने ठेवलेलंच नाव चालतं. जाड राखाडी-निळी पानं, कमळासारखी एकात एक बसलेली, कडेला गुलाबी रेघ आणि टोकाला नखासारखा बारीक काटा. तो काशीमीऱ्याच्या गोदामात स्टोअरकीपर होता तेव्हा उटीकडच्या एका ट्रकवाल्याने त्याला याचं एक पान दिलेलं. आमच्याकडचं मूळ झाड मेलं. मी मारलं.

हॉस्पिटलच्या दिवसांत सकाळी घरी येऊन तुळशीला पाणी घालायचे आणि तांब्यात उरलेलं या कमळाच्या डोक्यावर ओतायचे. त्याच्या कुंड्यांना मी कधी हात लावला नव्हता. लावूच देत नसे. बाहेर पाऊस, खाडीवरून येणारी ओली हवा, समोर नव्या टॉवरने अडवलेलं ऊन, आणि वरून माझा रोजचा अभिषेक. तो घरी आला तेव्हा गाभा काळा पडला होता. बोट लावलं की पान हातात. या झाडाला पाणी पायाशी द्यायचं असतं, तेसुद्धा माती पूर्ण सुकल्यावर, हे मला कोणी सांगितलं नाही. ज्याला माहीत होतं त्याला बोलता येत नव्हतं.

आता तू म्हणशील, नवरा असा पडलाय आणि हिला झाडाचं सुचतंय. तर ऐक. व्यायाम घ्यायला समिधा म्हणून एक मुलगी येते, राई गावातली आहे, हुशार आहे. ती म्हणते, डॉक्टरांनी सांगितलेले पहिले सहा महिने हातातून घालवायचे नाहीत. बोटांनी चिमटा धरायचा, ओठांनी नळीतून फुंकायचं. तिने पाण्याचा ग्लास आणि नळी पुढे ठेवली, तर तुझ्या दादाने ग्लास सरकवला. लहान मुलांसारखे बुडबुडे काढायचे नाहीत त्याला. समिधा चिडली की तिच्या गावची बोली बाहेर येते. "असा न्हाय चालाचा, काका!" म्हणाली. काकांवर काही परिणाम नाही.

आणि हाच माणूस इतकी वर्षं रोज सकाळी शहाळ्याची नळी तोंडात धरून कमळाच्या गाभ्यात अडकलेला थेंब फुंकून काढायचा. चिमट्याने खालची वाळकी पानं उचलायचा. झाड जिवंत असतं तर हा सगळा व्यायाम त्याने कोणी न सांगता केला असता. आता खिडकीकडे पाठ करून बसतो. मी हायवेवरच्या नर्सरीतून दुसरं आणलं. नर्सरीवाला म्हणाला, "आंटी, सेम टू सेम है." तुझ्या दादाने एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले. सेम नव्हतं.

सहा महिन्यांतले जवळजवळ तीन गेले. त्याला उठवायला मला तेच झाड हवंय, दुसरं नाही. ते फक्त तुझ्याकडे आहे. एक पान पाकिटात घालून पाठव.

मनालीच्या साखरपुड्यात मी जे बोलले त्याची माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, हेही सांगून ठेवते.

मंदा

•

सातारा
२७ सप्टेंबर

मंदावहिनी,

तुमचं पत्र फाडलं नाही. चार वेळा वाचलं आणि देवापुढे ठेवलं, कारण हातात धरवत नव्हतं.

दरवर्षी राखीला दादाचा फोन येतो. "आशे, पोचली गं राखी," एवढंच म्हणतो आणि मग तासभर झाडांबद्दल बोलतो. या वर्षी आला नाही. मला वाटलं, तुम्ही करू दिला नाही. मी इकडे रुसून बसले आणि तो तिकडे मुका होऊन बसला होता. हे मला सप्टेंबरात कळावं! आणि कळावं कशासाठी, तर तुम्हाला पान हवंय!

आईचं अंथरूण मी सात वर्षं काढलं. कूस कशी बदलायची, भरवायचं कसं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, हे मला कोणी शिकवायला नको. आणि तुम्ही मला म्हणता येऊ नकोस. फ्लॅट तुमचा असेल, भाऊ माझा आहे.

तुम्ही साखरपुड्याचं काढलंत म्हणून मीही काढते. भरल्या हॉलमध्ये, तुम्ही मुलाच्या बापाला, गोवर्धनरावांना, त्यांच्या म्हाताऱ्या आईसमोर म्हणालात, "सुनेची नोकरी सोडवायच्या आधी स्वतःचा चहाचा कप धुवायला शिका." लग्न मोडलं नाही ही त्यांची भलाई. तुम्ही रात्रीची गाडी पकडून मीरा रोडला गेलात. मी इथेच राहते. एकाच गावात व्याही. तीन वर्षं मी त्या माणसासमोर मान खाली घालून बसते आणि तो काही बोलत नाही, म्हणून आणखीच खाली घालते.

दादाला माझा नमस्कार सांगा. सांगा की मी रागावले नाही. तुमच्यावर आहे, त्याच्यावर नाही.

पानाचं बघते. पावसाने इकडेही झाडांचे हाल आहेत. बघते.

आशा

•

मीरा रोड
४ ऑक्टोबर

आशा,

हे "तुम्ही" कधीपासून? लग्न होऊन आले त्या दिवशी माझ्या ताटातला जिलबीचा तुकडा उचलून "वहिनी, तू गोड खात नाहीस ना?" म्हणालीस ती तूच. सरळ तू म्हण आणि भांड.

राखीचं वाचून दाखवलं त्याला. तुझी राखी आली होती. मी बांधली. डाव्या हाताला बांधावी लागली, ती अजून आहे. आंघोळीला सोडायला गेले तर हात मागे घेतो.

येऊ नकोस, हे पुन्हा लिहिते. मला दुष्ट म्हणायचं तर म्हण. चालेल मला.

आता "बघते" म्हणजे काय ते सांग. मी अख्खी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकण्यात घालवली. "बघतो" म्हणणारा माणूस कधी काही बघत नाही. तुला पान कसं काढायचं हे माहीत नसेल तर लिहिते. खालच्या बाजूचं भरलेलं पान घ्यायचं. ओढायचं नाही, डावी-उजवीकडे हलवत बुडापासून सोडवायचं. अर्धं तुटलं तर त्याचा उपयोग नाही, फुटवा बुडाशीच येतो. पानावरची पांढरी भुकटी बोटांनी पुसायची नाही, ती परत येत नाही. तुटलेली जागा दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यायची. मग कागदी रुमालात गुंडाळून पाकिटात.

हे मला कुठून कळलं? मोबाईलवर शोधून मी मोठ्याने वाचते आणि तो ऐकतो. चूक असलं की डाव्या हाताने टेबल ठोकतो. "प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावे" असं वाचलं तेव्हा असा ठोकला की समिधाचा चहा सांडला. अशी त्याची परवानगी घेऊन मी वरची कृती लिहिलीय.

पान येणार म्हटल्यापासून त्याने खुर्ची खिडकीकडे वळवून घेतलीय. काल समिधाने त्याच्या उजव्या हातात चिमटा दिला, तो त्याने टाकला नाही. धरता आला नाही, पण टाकला नाही. दुपारी पोस्टमनच्या वेळेला दाराकडे बघत बसतो. आशा, त्याला वाट बघायला लावू नकोस. त्याच्याकडे तेवढा वेळ नाही.

मंदा

•

सातारा
१४ ऑक्टोबर

वहिनी,

पान पाठवतेय. तू लिहिलंस तसंच काढलंय, सुकवलंय. दादाला सांग, त्याच्याच झाडाचं आहे, आशाने स्वतः काढलं. जपून ठेव म्हणावं.

तू म्हणतेस म्हणून तू म्हणतेय. राग गेलेला नाही.

पान थोडं हिरवट वाटेल. इकडची हवा वेगळी, माती वेगळी, म्हणून असेल.

तो चिमटा धरायला लागला की लगेच कळव. आणि मला कधी येऊ देणार तेही कळव.

आशा

•

मीरा रोड
२१ ऑक्टोबर

आशा,

तुझं झाड कुठे आहे?

झालं ते क्रमाने सांगते, कारण संतापात क्रम चुकतो आणि मला तो चुकवायचा नाही. पाकीट आलं. मी त्याच्यासमोर उघडलं, कागदी रुमाल उलगडला. समिधा होती. मी म्हटलं, "बघ, आशाने पाठवलं, तुझ्याच झाडाचं." त्याने पान डाव्या हातात घेतलं. खिडकीच्या उजेडात धरलं. उलटं केलं, सुलटं केलं. अंगठ्याने कड चाचपली, टोक चाचपलं. रेघ नाही, नख नाही, भुकटी नाही. मग ते पान टेबलावर आपटलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला:

"खोटं."

म्हणाला, आशा. तोंड वाकडं करून नाही, घरघर नाही. जूनपासूनचा पहिला शब्द, आणि असा स्वच्छ, जसा गोदामात कमी आलेल्या मालाच्या पावतीवर म्हणत असेल. समिधाने माझा दंड धरला. मी इतकी चिडले होते की आनंद व्हायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

मी आणलेलं नर्सरीचं झाड बघून त्याने नुसते डोळे मिटले होते. माझ्याकडून त्याची अपेक्षाच नव्हती. पण बहिणीच्या नावाने आलेलं पान खोटं निघालं, ते त्याला सोसवलं नाही. राग जिथून येतो तिथूनच शब्दही येत असावेत. तसं असेल तर माझं बोलणं मरेपर्यंत शाबूत राहील.

तेव्हापासून तो शब्द एकटाच आहे आणि घरभर फिरतोय. आमटीत मीठ कमी पडलं, खोटं. लिफ्ट पाच मिनिटांत चालू होईल असं वॉचमन म्हणाला, खोटं. टीव्हीवरच्या बातम्यांना म्हणाला तेव्हा मी त्याला अडवलं नाही. समिधा म्हणते, एक आला म्हणजे बाकीचे येतील, पण ओठांचा व्यायाम हवाच. आणि तो नळीला हात लावत नाही. खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवून घेतलीय.

तर तू मला फसवलंस, त्यामुळे तो बोलला, आणि त्याच फसवण्याने पुन्हा गप्प बसला. तुझे आभार मानू की कान उपटू, ते मला ठरवता आलेलं नाही. झाड मेलं असेल तर तसं लिही. मी स्वतः एक मारलंय, मी काही बोलणार नाही. पण खरं लिही.

मंदा

•

सातारा
२८ ऑक्टोबर

वहिनी,

दादा बोलला! "खोटं" म्हणाला आणि ते मला म्हणाला. मी फराळाच्या चकल्या अर्ध्यावर सोडून रडले. मग तेल जळायला लागलं म्हणून उठले.

खरं लिहिते. झाड मेलं नाही. छान आहे. माझ्याकडे नाही.

तुझ्या त्या साखरपुड्यानंतर गोवर्धनराव लग्नाची बोलणी करायला घरी आले. मी इतकी घाबरले होते की चहाचा कप त्यांच्या हातात देताना बशीवर वाजत होता. कप! दुसरं काही देताही येत नव्हतं. ते व्हरांड्यातल्या कमळाकडे बघत राहिले. म्हणाले, "हे कुठून आणलंत? सुंदर आहे." मी उठले आणि कुंडी उचलून त्यांच्या हातात दिली. घेऊन जा म्हटलं. तुझ्या जिभेची भरपाई मी दादाच्या झाडाने केली.

दादा फोनवर विचारायचा, "कमळ कसं आहे गं?" मी म्हणायचे, छान आहे. छानच होतं ते. त्यांनी त्याच्या बऱ्याच कुंड्या केल्यात, गच्चीवर ओळीने मांडल्यात. मी मनालीकडे जाते तेव्हा बघून येते. तुझं पत्र आलं तेव्हा त्यांच्याकडे मागायची हिंमत झाली नाही, म्हणून शेजारच्या कुंडीतलं तसलंच दिसणारं पान काढून पाठवलं. मला वाटलं, दादाला आता तेवढं कळणार नाही. हे मी आईचं इतकं करून म्हणतेय बघ. माझी मला लाज वाटते.

आता मनालीला त्यांच्याकडे मागायला सांगितलं. तिने मागितलं. ते म्हणाले, "ज्यांना हवंय त्यांनी मागावं. त्यांना बोलता येतं, मी ऐकलंय."

म्हणजे तू. तू त्यांना लिहिणार नाहीस, मला ठाऊक आहे. मी स्वतः जाऊन पाया पडून बघते. निदान मला येऊ दे गं. मी त्याच्या पायाशी बसेन, त्याला काही बोलणार नाही.

आशा

•

मीरा रोड
६ नोव्हेंबर

श्री. गोवर्धनराव,

मी मंदा, शशिकांतची बायको, तुमच्या सुनेची मामी. तुम्ही मला ओळखता, म्हणून ओळख पुरे.

तुम्ही म्हणालात, ज्याला हवंय त्याने मागावं. हे मला पटलं. तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. म्हणून मागते. तुमच्या गच्चीवरच्या कमळाचं एक पान मला द्या. कृपया. हा शब्द मी सहसा वापरत नाही. तुम्ही तो मोजून घ्यावा.

आशाने येऊन गयावया केली तर तिला परत पाठवा. मागणारी मी आहे.

साखरपुड्यात जे बोलले ते मला तेव्हा खरं वाटलं होतं आणि आजही वाटतं. मनाली रोज नोकरीवर जाते याचा मला आनंद आहे. पण तुमच्या आईसमोर आणि पाहुण्यांच्या गर्दीत ते बोलायला नको होतं. ते तुमच्याशी, तुमच्या घरी, दोघांत बोलायला हवं होतं. तेव्हाही हेच बोलले असते. मधल्या तीन वर्षांत मान आशाने खाली घातली, हे मला आता कळलं. त्याचं वाईट वाटतं, ते तिच्यासाठी.

याहून गोड लिहिता आलं असतं. पण माझ्या नवऱ्याला सध्या एकच शब्द येतो आणि तो "खोटं" आहे. हे पत्र टाकायच्या आधी मी त्याला वाचून दाखवणार आहे. तो टेबल ठोकेल असं काही यात ठेवून चालणार नाही.

त्याने हे झाड एका पानापासून वाढवलं. तुमच्या गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या त्या पानाच्या आहेत. तो हल्ली भिंतीकडे तोंड करून बसतो आणि डॉक्टरांनी सांगितलेली मुदत डिसेंबरअखेर संपते. मला त्याला खिडकीकडे वळवायचंय. तुम्ही पान दिलंत तर त्याने. नाही दिलंत तर दुसरी वाट शोधेन, पण शोधेनच.

मंदाकिनी साळवी

ता. क. वाचून दाखवलं. "कृपया"पाशी त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. टेबल ठोकलं नाही.

•

सातारा
१८ नोव्हेंबर

मंदाताई,

पत्र मिळालं. मीही ते घरात वाचून दाखवलं. सौभाग्यवती हसली. ती बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून आधी आभार.

तुम्ही पान मागितलंत. पानाला रोप व्हायला महिने लागतात आणि तुमची मुदत जवळ आलीय. म्हणून एका झाडाचा शेंडाच कापून पाठवतोय, पूर्ण उमललेलं कमळ आहे. कापलेली जागा आठवडाभर सुकवलीय. खोक्यात वर्तमानपत्राच्या बोळ्यांत बसवलंय. कापायला जिवावर आलं, पण खालच्या दांड्याला फुटवे येतील, माझं काही गेलं नाही. सोबत दोन सुटी पानंही ठेवलीत.

कोरड्या मातीवर नुसतं टेकवून ठेवा. मूळ धरेपर्यंत पाणी नाही. तुम्ही समुद्राजवळ राहता, तर मातीत निम्मी जाड वाळू आणि विटेचा चुरा घाला. कुंडी मातीचीच, खाली ताटली नको. शशिकांतरावांना हे माहीत असेल, तुमच्यासाठी लिहिलं.

आशाताई तीन वर्षं माझ्यासमोर खाली बघून बोलतात. मला वाटायचं त्यांचा स्वभाव तसा आहे. मी अबोल माणूस आहे, रागावलेला नव्हतो. म्हणजे पहिले सहा महिने होतो.

कपाविषयी. सौभाग्यवतीच्या गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे सगळे कप मी धुतो. तुम्ही म्हणालात म्हणून नाही.

गोवर्धन मोहिते

•

मीरा रोड
११ फेब्रुवारी २०२५

आशा,

तुझी चार पत्रं माझ्याकडे उत्तराविना पडलीत. मी मुद्दाम थांबले होते. अर्धवट काही लिहायचं नव्हतं.

तुझ्या व्याह्यांचं खोकं आलं तेव्हा मी काही बोलले नाही. कोणाचं, कुठून, काही नाही. नुसतं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने वर्तमानपत्र बाजूला केलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता म्हणतो "खोटं". म्हणाला नाही. उजवा हात उचलून कमळाशेजारी ठेवला. हात अर्ध्यात पडला, पुन्हा उचलला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

समोरच्या टॉवरमुळे हॉलच्या खिडकीला ऊन नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये, जिथे सकाळचं ऊन येतं, तिथली माझी तुळस मी हॉलमध्ये आणली आणि कमळाला ती जागा दिली. तुळस रुसली नाही. त्याची खुर्ची आता ओट्याशेजारी असते, माझ्या पायात येते, मी ओरडते. मूळ धरल्यावर पाण्याचं काम सुरू झालं. कडेने चमचाभर घालायचं ठरलंय. पण समिधा आहे राईची, बेरकी. तिने एकदा चुकून म्हणून गाभ्यात थेंब पाडला. तुझ्या दादाने तिच्याकडे असं बघितलं! मग डाव्या हाताने नळी उचलली आणि ओठांत धरली. पहिल्या दिवशी हवा गालातूनच गेली. ओठ मिटेनात. थेंब तिथेच. संतापला, पुन्हा फुंकलं. तो थेंब काढायला त्याला चार दिवस लागले असते तर झाड कुजलं असतं, म्हणून रोज शेवटी मी कापसाने टिपून घ्यायचे आणि तो मला "खोटं" म्हणायचा. नाताळच्या आसपास एका सकाळी थेंब उडून माझ्या चष्म्यावर आला. आम्ही तिघं हसलो. तोही, आवाजाने.

डॉक्टरांची मुदत संपली, आम्ही संपलो नाही. शब्द येताहेत. "समिधा" येतं. "मंदा" येतं, आणि आलं तेव्हापासून दिवसभर येतं, मला ओट्यावरून हलता येत नाही. सगळ्यात स्पष्ट येतं ते "पाणी नको", कारण मी तांब्या घेऊन त्या बाजूला वळले की त्याला ते घाईने म्हणावं लागतं.

गोवर्धनरावांना आभाराचं पत्र धाडलंय. माणूस बरा आहे. मला माती कशी करायची ते शिकवलं नसतं तर आणखी बरा वाटला असता. आता तू मान वर करून त्यांच्याकडे चहा पी, आणि कप तिथेच ठेव, ते धुतील.

आता एक गोष्ट. येऊ नकोस हे माझं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये तो शुद्धीवर आल्यावर मी म्हटलं, आशाला बोलावते. त्याने डाव्या हाताने माझ्या हातातला फोन पालथा केला. मी दर आठवड्याला विचारायचे आणि दर आठवड्याला तो नाही म्हणून मान हलवायचा. तुझी सात वर्षं आईच्या अंथरुणापाशी गेली, त्याने ती बघितलीत. तुला दुसरं अंथरूण दाखवायचं नव्हतं त्याला. हे मी तेव्हा लिहिलं असतं तर तुला लागलं असतं. माझ्यावर रागवायची तुला सवय आहे, म्हणून तो राग मी माझ्याकडे ठेवला.

तू कुंडी देऊन टाकली होतीस आणि का दिली होतीस, हेही त्याला सांगितलं. मग त्याने खोक्यातल्या दोन सुट्या पानांकडे बोट दाखवलं. ती मी फेकायच्या बेतात होते. एका पसरट कुंडीत कोरडी वाळूमाती भरून घेतली आणि पानं वर ठेवली. एक सुकलं. दुसऱ्याला बुडाशी दोऱ्यासारखी गुलाबी मुळं आली, आणि आता शेंगदाण्याएवढं कमळ आलंय, चार पानांचं. ही कुंडी तो मला पुसूही देत नाही. चिमट्याने आजूबाजूचा कचरा उचलतो. उजव्या हाताने.

काल दुपारी त्याने पेन मागितलं. समिधाने कोपर धरलं, पेन त्यानेच धरलं. मी डाळ निवडत बसले आणि तिकडे बघितलं नाही. सोबतचा कागद त्याने लिहिलाय. अक्षरं चढून गेलीत, उतरून गेलीत. मी एकही दुरुस्त केलेलं नाही. हे मी केलंय, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

मंदा

•

आशे

तुझं झाड रुजलं

न्यायला ये

दादा